डाव्या हातातला फोन

स्पर्धेसाठी प्राचीला पाठवू नये, असे माझ्या रिपोर्टच्या तिसऱ्या पानावर लिहिले होते. रिपोर्ट गुरुवारी संध्याकाळी शाळेकडे आणि माझ्या बॉसकडे गेला. शुक्रवारी सकाळी सावंत बाईंचा फोन आला.

"रिपोर्ट ऐकला मी," त्या म्हणाल्या. "आकडे व्यवस्थित असतील. पण त्यातली पोरगी माझ्या ओळखीची वाटत नाही. आज येऊन जाता का?"

सावंत बाई दादरच्या एका अंध मुलींच्या शाळेत मराठी शिकवतात. त्या स्वतः जन्मांध आहेत. रिपोर्ट त्या संगणकाकडून वाचून घेतात.

मी भौतिकशास्त्र शिकले, पुढे ध्वनिलहरींचे गणित केले, आणि सध्या लोअर परळच्या एका छोट्या कंपनीत काम करते. आमचे सॉफ्टवेअर कवितावाचनाची लय मोजते. वृत्तात प्रत्येक अक्षर एक तर लघू असते, नाही तर गुरू. गुरूला लघूच्या साधारण दुप्पट वेळ लागतो. लांब ओळीत थांबण्याची जागाही ठरलेली असते; तिला यती म्हणतात. भलत्याच जागी थांबले, की सॉफ्टवेअर तिथे लाल खूण करते. डोळस मुलांना हे सारे पडद्यावर आखूड-लांब पट्ट्यांच्या रूपात दिसते. अंध मुलींसाठी मी त्या पट्ट्यांचे कंपन केले: लघूला फोन किंचित थरथरतो, गुरूला जास्त वेळ. उजव्या हाताने ब्रेल वाचायचे आणि डाव्या हातात फोन धरायचा. कल्पना माझीच होती. तिच्या जोरावर मला टीम लीड व्हायचे होते, हेही सांगून टाकते.

शाळेतला पायलट, म्हणजे पहिली चाचणी, सहा आठवडे चालला. त्याच सुमारास आंतरशालेय वाचनस्पर्धा आली. स्पर्धकाला न वाचलेली कविता दहा मिनिटे आधी हातात मिळते. शाळेतून एकच मुलगी जाणार होती. नाव घेण्यासारख्या दोघी होत्या. सायलीला अंधुक दिसते; ती मोठ्या अक्षरांत छापलेला मजकूर वाचते. वरळीच्या बीडीडी चाळीतून येणारी प्राची पूर्ण अंध आहे. ती नववीत होती, आणि दहावीच्या मुलींना शाळा स्पर्धेला पाठवत नाही; म्हणजे तिची ही शेवटचीच संधी. मुख्याध्यापिकांनी निवड माझ्या रिपोर्टवर सोपवली. "यंत्राला कुणी लाडकं नसतं," त्या म्हणाल्या होत्या. मला ते वाक्य फार आवडले होते.

प्राचीचा आलेख विचित्र होता. लघु-गुरूंचे प्रमाण सगळ्या वर्गात तिचेच सर्वांत अचूक. पण दर थोड्या शब्दांनंतर एक मोठी फट, तीही यती सोडून कुठेही. छापील कवितेवर मी त्या फटी मांडून पाहिल्या. नियम सापडेना. तेव्हा मी लिहिले, "लयीची जाण अस्थिर." नियम मला सापडला नव्हता, अस्थिर मात्र तिला ठरवले.

शुक्रवारी दुपारी वर्गात मी तिला तिचेच रेकॉर्डिंग ऐकवले आणि पहिल्या फटीशी थांबवले.

"इथे का थांबलीस?"

"ओळ शोधत होते, ताई."

"पण ओळ इथे संपत नाही."

"तुमची नसेल संपत. माझी संपली."

सावंत बाईंनी तिचा ब्रेलचा कागद माझ्यापुढे सरकवला. सहा आठवड्यांत मी तो एकदाही नीट पाहिला नव्हता. माझ्याकडे छापील प्रत होती ना. ब्रेलमध्ये काना, मात्रा, वेलांटी यांना प्रत्येकी वेगळी जागा लागते. त्यामुळे कवितेची लांब ओळ कागदाच्या एका ओळीत मावत नाही. मध्येच मोडून खाली उतरते. मी ठिपक्यांच्या ओळींचे शेवट मोजले आणि आलेखाशी ताडून पाहिले. प्रत्येक फट बरोबर तिथेच होती.

"म्हणजे ओळ मोडली की तू नेहमी थांबतेस?"

"छे. फोन नसतो तेव्हा कशाला थांबू?"

मला अजूनही कळले नव्हते. बाईंनी माझे दोन्ही हात धरून कागदावर ठेवले. "उजवा वाचतो. तो शेवटाकडे पोचायच्या आत डावा खाली जाऊन पुढच्या ओळीचं तोंड धरून बसतो. त्या डाव्या हातात तुम्ही फोन दिलात. आता उजव्याने वाचायचं, मग मागे यायचं, मग ओळ शोधायची. तुम्ही तिचा हात बांधलात, बाई, आणि वर लिहिलंत की पोरगी अडखळते."

फोन बाजूला ठेवून प्राचीने एक नवी कविता वाचली. आलेखात एकही लाल खूण आली नाही.

"हे आधी का नाही सांगितलंस?" मी विचारले.

"तुम्ही विचारायचात, फोन कसा वाटतो. मी म्हणायचे, छान. फोन छानच होता."

पायलटमध्ये ब्रेल वाचणाऱ्या आणखी दोघी होत्या. त्यांच्या फटीही तशाच निघाल्या. सायलीला मात्र छापील मजकूर वाचायला डावा हात लागतच नसे. तिचे काहीच बिघडले नव्हते. चूक प्राचीपुरती नव्हती, मापनाची होती. आमचे उपकरण स्वतःच दोष निर्माण करत होते आणि स्वतःच तो नोंदवत होते.

ऑफिसला परतल्यावर मी मंदार सरांना, म्हणजे माझ्या बॉसना, सगळे सांगितले. मंगळवारी एका शिक्षणसंस्थेपुढे आमचा डेमो होता.

"तीनच मुली आहेत ना? त्यांना वगळ. बाकीचा डेटा चांगला आहे."

"सर, प्रॉडक्ट त्या तिघींसाठीच आहे. बाकीच्यांना पडदा दिसतो."

"मग मंगळवारी काय दाखवायचं?"

"हेच."

ते थोडा वेळ खुर्चीत मागेपुढे झाले. "टीम लीडचं तू विचारत होतीस."

"हो, सर."

"या वर्षी विचारू नकोस."

मी लगेच मुख्याध्यापिकांना लिहिले की ब्रेल वाचणाऱ्या मुलींचे निष्कर्ष रद्द समजावेत आणि निवड कानाने करावी. सोमवारी त्यांनी दोघींना फोनशिवाय वाचायला लावले, स्वतः ऐकले आणि प्राचीचे नाव पाठवले. सायली माझ्याशी आठवडाभर बोलली नाही. तिचेही बरोबरच होते.

स्पर्धेत प्राचीला तिसरा क्रमांक मिळाला. परीक्षकांचा शेरा होता: "लय उत्तम, आवाज लहान." आवाज आम्ही मोजत नाही.

फोनचे कंपन आता पायात गेले आहे. बाईंनी हिंदमाताच्या कापडबाजारातून परकराचे इलॅस्टिक मागवले, त्यात आम्ही एक छोटे कंपक शिवले, आणि मुली ते घोट्याला बांधतात. "आई विचारते, एकच पैंजण का?" प्राचीने मला कळवले. यती शिकायला ते बऱ्यापैकी उपयोगी पडते आहे. अजून बरेच काम बाकी आहे.

तो जुना रिपोर्ट मी पुसलेला नाही. चाचणीच्या आमच्या फॉर्मवर मात्र पहिला प्रश्न बदलला आहे: हे काम करताना तुमचे दोन्ही हात काय करत असतात? कंपनीत नव्याने येणारे इंजिनियर विचारतात, लयीच्या सॉफ्टवेअरला हा प्रश्न कशाला. मी त्यांच्या डाव्या हातात फोन देते आणि बुटाची नाडी बांधायला सांगते.