रिकामा समून

शुक्रवारी जुम्म्याची नमाज आटोपून आम्ही कुवेतमधल्या फहाहीलच्या खोलीवर परतलो, की हसनमामू पातेल्यापुढे बसायचे आणि आठवड्याचा निकाल लावायचे. समून म्हणजे तिकडचा लांबट, मऊ पाव. तो मधोमध चिरून त्यात टोमॅटोच्या दाट रश्शातला मोठ्याचा, म्हणजे बीफचा, खिमा भरायचा, हा आमचा शुक्रवारचा थाट. पण ज्याच्या हातून त्या आठवड्यात काही चुकलं असेल, त्याच्या समुनात मामू नुसता रस्सा घालत. खिम्याचा कणसुद्धा जाऊ नये म्हणून डाव पातेल्याच्या कडेला टेकवून सावकाश निथळून घेत, तेही सगळ्यांच्या देखत. कोणी नळ उघडा टाकलेला असे, कोणी एसी चालू ठेवून कामावर गेलेला असे. एकदा एक सोबती मुलगी झाल्याच्या आनंदात कुकर गॅसवर विसरला. त्याच्या हातात रिकामा समून देत मामू म्हणाले, "मुबारक हो. आता पोरीलापण असाच विसर कुठेतरी." बिचारा खाली मान घालून रडला. आम्ही हसलो, कारण आमच्या समुनात खिमा होता.

मामू माझ्या आईचे सख्खे भाऊ. मीना अब्दुल्ला या कारखान्यांच्या भागात एका ठेकेदाराकडे ते स्टोअरकीपर होते आणि कोणालाही एक बोल्ट जास्त द्यायचा म्हणजे त्यांच्या पोटात दुखायचं. इराकशी झालेल्या लढाईनंतर कुवेत पुन्हा उभं राहत होतं, माणसं हवी होती. गावातल्या आम्हा सगळ्यांचे व्हिसे मामूंनीच खटपट करून मिळवले, त्यामुळे खोलीत त्यांच्यापुढे ब्र काढायची कोणाची छाती नव्हती. ते मात्र दिवसभर बोलत आणि बोलले की लागायचं.

त्यांच्या हातचा खिमा अजून माझ्या जिभेवर आहे. कोऑपरेटिव्हच्या दुकानातून ते सगळ्यांत स्वस्त, दगडासारखं गोठलेलं पुडकं आणत. भरपूर कांदा चांगला लाल होईपर्यंत परतत, त्यात डबाबंद टोमॅटोचा गोळा, थोडा सिरका, चिमूटभर साखर. मग शिजवून घोटलेली मसूरडाळ, खिम्याच्या दुप्पट. खिमा त्या रश्शात मुरून असा मिळून यायचा, की डाळ कुठली आणि गोश्त कुठलं ते सांगता येऊ नये. "खिमा नाकाला लागला पायजे," मामू म्हणायचे, "दाताला नाय लागला तरी चालतो."

ते नुसतेच दुष्ट असते तर मी त्यांच्यावर लिहिलं नसतं. मला कांजिण्या आल्या तेव्हा बाकीचे पोरगे शेजारच्या खोलीत पळाले. मामूंनी रजा टाकली आणि चमच्याने पेज भरवली. मी तोंड फिरवलं तर म्हणाले, "खा मुकाट्याने. इकडे मेलास तर पेटी विमानात चढवताना माझे जोडे झिजतील." त्यांच्या डोळ्यांत झोप नव्हती. त्या माणसावर माझा जीव होता आणि त्याची भीतीही वाटायची.

मग त्यांचा एकुलता एक मुलगा इक्बाल गावाहून आला. स्वभावाने गरीब, हळू बोलणारा. रिकामा समून सगळ्यांत जास्त वेळा त्याच्याच वाट्याला यायचा. "परक्यांच्या पोरांना वळण लावतो, मग माझ्याला काय डोक्यावर बसवू?" असं मामूंचं म्हणणं. इक्बाल निमूटपणे खायचा आणि ताट धुऊन ठेवायचा.

बाजारात शिंप्याचं दुकान असलेल्या सत्तारभाईंची मुलगी इक्बालला आवडली होती, तिलाही तो आवडला होता. मुलगी तिथेच जन्मलेली, बापाने मराठीत विचारलं तर इंग्रजीत उत्तर देणारी. सत्तारभाईंची अट एकच होती. शब्द देण्याआधी मुलाच्या घरी जेवायचं, माणसं कशी राहतात ते बघायचं. मामू मनातून हरखले होते. नवी ताटं आणली, पडदे धुतले आणि खिमा इक्बालनेच करावा असं ठरवलं, म्हणजे पाहुण्यांना त्याचा हात कळेल. त्या शुक्रवारी इक्बालने दोन पुडकी खिमा वापरला आणि डाळ अजिबात घातली नाही. सासरा पहिल्यांदा जेवायला येणार, त्याला डाळीचा खिमा कसा वाढायचा?

मामूंनी झाकण काढलं, डाव फिरवला आणि त्यांना सगळं कळलं. त्यांनी पाहुण्यांचा समून भरला, आमचे भरले. मग डाव कडेला टेकवला. मला वाटलं, आज नाही, आज तरी नाही. रस्सा थेंबथेंब निथळला आणि तो समून इक्बालच्या ताटात पडला.

सत्तारभाई घास हातात धरून म्हणाले, "पोराला खिमा चालत नाय काय?"

"चालतो की. पण दुसऱ्यांचा," मामू म्हणाले. "दोन पुडकी एका जेवणात उडवलीन. ह्याच्या घरात तुमची लेक महिनाअखेरीस काय खाईल, ते आत्ताच बघून घ्या."

इक्बालने तो समून खाल्ला, पूर्ण खाल्ला. त्याचे कान लाल झाले होते. सत्तारभाई चहा न घेता उठले. दाराशी ते मामूंना इतकंच म्हणाले, "पोरगा बरा हाय हो. पण तुमच्या घरात मी माझी मुलगी देणार नाय." मामू हसले. त्यांना खरंच वाटत होतं, की आपण एका बापाला वेळेवर सावध केलं. त्यांचा मला त्या दिवशी आला तेवढा राग आयुष्यात कोणाचा आला नाही.

दुसऱ्या दिवशी इक्बाल कामावर गेला तो परत आलाच नाही. कुवेतच्या दुसऱ्या टोकाला, जहऱ्याला, कोणाकडे तरी गाडी चालवतो, असं पुढे कानावर आलं. ईद येत गेल्या, जात गेल्या. मामूंनी त्याचं नाव काढलं नाही, पण खोलीचं दार वाजलं की पहिले तेच उठत.

पुढे त्यांचे गुडघे गेले, कामही सुटलं. कायमचं मुलखाला जायचं तिकीट हातात पडलं, तेव्हा ते मी तोवर टाकलेल्या दुकानात आले आणि म्हणाले, "लाव बाबा त्याला फोन." मी कुठून तरी नंबर मिळवला. पलीकडून इक्बालचाच "हॅलो" ऐकला आणि मोबाइल मामूंच्या हातात दिला.

"इक्बाल, अब्बा बोलतोय. उद्या चाललो मी, कायमचा."

 मलासुद्धा ऐकू येईल इतकं स्पष्ट उत्तर आलं, "राँग नंबर."

फोन बंद झाला. मामूंनी तो पुसून माझ्यापुढे ठेवला. मी त्यांच्याकडे बघायचं टाळत होतो.

"आवाज चांगला भरलाय रे पोराचा," ते म्हणाले. "पोटभर जेवतो वाटतं."