दंडात घ्यायचं औषध

ऐंशीच्या दशकात मी पुण्यात संशोधन करत होते. काम कॅन्सरच्या पेशी ओळखणारी प्रतिपिंडं तयार करण्याचं. सुट्टीला कोल्हापुरात घरी आले की मी फार मिरवायची. गल्लीतल्या बायकांना पीएचडी म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं, पण कॅन्सर सगळ्यांना ठाऊक होता. तो शब्द मी मुद्दाम जरा मोठ्याने उच्चारायची.

त्या दिवाळीत थोरली काकू सूप घेऊन हरभऱ्याची डाळ निवडत बसली होती. काका गेल्यापासून ती आमच्यातच राहायची. तिने सहज विचारलं, "उंदरास्नी टोचून काय करतीस गं पुण्यात?"

मला तेवढंच हवं होतं. "डाळीतला खडा तुझी बोटं बरोबर हुडकतात ना? आम्ही तसली बोटं बनवतो. उंदराला कॅन्सरच्या पेशी टोचल्या की त्याचं अंग त्यांना धरणारी प्रथिनं तयार करतं. त्यातलं नेमकं एक निवडायचं, भरपूर वाढवायचं, माणसाला सोसेल असे त्यात फेरफार करायचे. मग ते रक्तात सोडलं की अंगभर हिंडून फक्त रोगट पेशीला चिकटणार. बाकी कशाला हात लावणार नाही."

काकूची बोटं थांबली.

"सुई दंडातच न्हवं?"

"दंडातच."

"म्हंजे कुणाला काय दाखवाय लागत न्हाय?"

"अगं, तीच तर गंमत! ते आपलं आपण शोधून काढतं."

"कवा निघणार हाय?"

"निघेल की चार-दोन वर्षांत."

खरं तर आमचं प्रतिपिंड तेव्हा काचेच्या बशीतल्या पेशींनाही धड चिकटत नव्हतं. ते मी सांगितलं नाही. शेखी मिरवताना कोण सांगतं? उलट चौथीत शाळा सोडलेल्या काकूने किती नेमकं विचारलं, याचं मी वडिलांपाशी कौतुक केलं. ती का विचारतेय, हे माझ्या शिकलेल्या डोक्यात आलंच नाही.

पुढच्या वर्षी धुणं धुताना आईला काकूच्या चोळीवर डाग दिसला. काकूने आधी उडवून लावलं, मग रडली. छातीतली गाठ फुटली होती. वडिलांचा फोन आला तशी मी मिळेल त्या गाडीने निघून आले.

दवाखान्यात तपासायला पुरुष डॉक्टर होते. आईने पदराचा आडोसा धरला. काकू लाजेने भिंतीकडे तोंड करून पडली होती. तिच्याकडे बघवेना म्हणून मी तिच्या पायांशी उभी राहिले.

डॉक्टर चिडले. "एवढी वाढेपर्यंत काय करत होता? वेळेवर आला असता तर काढून टाकली असती."

काकूने मान वळवली. तिच्या आवाजात तक्रार असती तर मी सोसली असती. होता तो अभिमान.

"आमची पोरगी ह्येच्यावरच औषध काढतीया की. दंडात सुई मारली की झालं. म्हणून थांबलो हुतो." मग मला म्हणाली, "निघालं काय गं?"

डॉक्टर माझ्याकडे पाहू लागले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"अजून नाही, काकू."

"बरं," ती म्हणाली, "मग आणि थोडं थांबतो की."