हवालदारांची गस्त

तोंडवलीच्या अख्ख्या किनाऱ्यावर समुद्राकडे पाठ करून बसणारा एकच माणूस होता, तो म्हणजे आमचे शेजारी हवालदार. त्यांची सगळी नोकरी हिमालयात, चीनच्या सीमेवर गेली. मे महिन्यातही कानटोपी घालून चहा पीत. समुद्रावर त्यांचा विश्वास नव्हता. "ह्या हद्दीवर चलत जाऊक येणा नाय, वयनी," असं मला म्हणत.

मुलांनो, तुम्ही फोनवर त्यांना ‘मिलिटरी आजोबा’ म्हणायचात ना, ते त्यांना मुळीच खपत नसे. "मिलिटरी न्हय, पोलीस!" मग समोर असेल त्याला बसवून पहिल्यापासून सांगत. चीनशी युद्ध पेटलं तेव्हा बर्फातली सीमा राखायला हे पोलीस दल उभं राहिलं. युद्ध संपलं, पहारा राहिला, आणि आता दरड कोसळून यात्रेकरू अडकले तरी हीच माणसं धावतात. ऐकणाऱ्याच्या लक्षात ‘पोलीस’ एवढंच राही. एकदा खालच्या वाडीतली एक बाई कोंबडी चोरीला गेली म्हणून आली. हवालदारांनी तिला तासभर लडाख समजावलं. ती शांतपणे म्हणाली, "ता सगळा खरा, पन माझी कोंबडी खंय?" हवालदार उठले आणि कोंबडी शोधायला गेले.

तिकडे सीमेवर बऱ्याच ठिकाणी कुंपण नसतं. ठरलेल्या टोकापर्यंत चालत जायचं, आपली खूण ठेवायची, परतायचं. चालणं थांबलं की जागा हातची जाते, अशी त्यांची पक्की समजूत. निवृत्तीनंतर हीच रीत त्यांनी वाडीला लावली. आमची घरं अकरा. त्यातली नऊ बंद, मालक मुंबईला. रोज सकाळी ते प्रत्येक बंद घराभोवती फेरी मारत आणि पायरीवरचं कालचं जास्वंद उचलून आजचं ठेवत.

एका चतुर्थीला एक मालक न कळवता पहाटे उतरला. हवालदारांनी त्याला त्याच्याच पडवीत अडवलं.

"आधार कार्ड दाखय."

"काका, माझा घर आसा ह्या!"

"आसात. चार वर्षांत तुझा एक तरी पाऊल पडला हंय?"

कार्डावर पत्ता निघाला डोंबिवलीचा. शेवटी मला बोलावणं आलं. मी ओळख पटवली, तेव्हा कुठे तो आपल्या घरात गेला.

यंदा त्यांच्या गुडघ्यांनी दगा दिला. एका सकाळी शेवटच्या घराच्या पायऱ्यांवरून ते पडले आणि दुपारी मी शोधत जाईपर्यंत तिथेच पडून राहिले. कणकवलीहून पुतण्या गाडी घेऊन आला. "काका, थंय डॉक्टर जवळ आसा, लिफ्ट आसा. चला."

हवालदार माझ्याकडे बघत म्हणाले, "वयनी सांगतीत तसा."

राहा म्हटलं असतं तर ते राहिले असते. दिवसभरात मला हाक मारणारं दुसरं माणूस वाडीत नव्हतं. मी पदराने चष्मा पुसला, आणि त्याला नेहमीपेक्षा जास्त वेळ लागला.

"जावा," मी म्हटलं.

गाडीत बसल्यावर त्यांनी काच खाली केली. "चार्ज घेवा," म्हणाले, आणि एकेका बंद घराचं नाव घेऊ लागले. प्रत्येक नाव माझ्याकडून परत म्हणवून घेतलं. नऊ झाली. मग हवालदारांच्या दाराला पुतण्या कुलूप लावत होता, तिकडे त्यांनी हात केला.

"आणि ह्या दहावा."

"दहावा," मी म्हटलं.

मगच त्यांनी काच वर केली.