दुपट्टा खांद्यावरच

दिग्रसच्या स्टँडवर यवतमाळची बस लागली, की लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरतात. त्या दिवशी सत्तरीचे एक गृहस्थ मात्र, खांद्यावर दुपट्टा असूनही, बायकोचं मनगट धरून दाराशी उभे होते.

"काका, टाका ना दुपट्टा," मी म्हणालो.

"मांगच्या वर्षी पोरीकडं व्हिएन्नाले गेलतो," ते म्हणाले. "शहर पाहाले दोघंच निघालो. ट्राम आली तशी मी आधी चढलो, दोन सीटवर दुपट्टा टाकला. वळून पाह्यतो तं दार बंद, अन् बुढी खालीच. तिले तिथली भाषा येत नाही, फोन माह्या खिशात. जागा भेटली, बायको गेली!"

"मी जागची हाललीच नाही," बाई म्हणाल्या. "हे पुढच्या स्टॉपवरून पळत आले. दुपट्टा ट्राममंदीच सोडून आले, तवा समजलं किती भेले होते ते."

बस भरून निघाली. दोघं दारव्ह्यापर्यंत उभेच होते. तिथे एक जागा रिकामी झाली आणि बाई बसल्या. त्यांचं मनगट काकांनी तेव्हाही सोडलं नाही.