ओढ्याच्या पुलावरचं वाक्य

"पुढं बोल, बाळा, पुढं बोल," म्हणत मावशी पोरीच्या वेणीला रिबिनीची गाठ मारायच्या. बस खड्ड्यातनं कितीही उसळो, गाठ कधी वाकडी झाली नाही. अशा मावशी तुम्हीही शाळेच्या बसच्या दारात पाहिल्या असतील. पोरं चढवायची, उतरवायची, पत्र्यावर दोन थापा मारायच्या, एवढंच त्यांचं काम.

नव्वदचं दशक सरत आलं होतं. आमची इंटरनॅशनल शाळा शिरूरबाहेर नुकतीच निघालेली; भोवती कांद्याची वावरं आणि फाटकावर चार देशांचे झेंडे! मी तिथं इंग्रजी शिकवायचो, केंदूरहून त्याच बसनं जायचो. सकाळी काचांवर धुकं, अर्धी पोरं झोपेत, आणि सहावीतली एक मुलगी वक्तृत्व स्पर्धेचं भाषण पुटपुटायची. विषय घोड नदी. भाषण मीच लिहून दिलेलं.

मावशींना सही येत नव्हती, पण ते भाषण त्यांना रस्त्यासकट पाठ झालं होतं. चिंचेखाली 'रिस्पेक्टेड जजेस', गुऱ्हाळापाशी 'शी इज अवर मदर', ओढ्याच्या पुलावर 'बट फ्रेंड्स'.

"अर्थ कळतो का हो, मावशी?"

"अर्थ तुमच्यापाशी ऱ्हाऊ द्या, सर. कशामागनं काय येतंय, त्ये मला म्हाईत हाय."

स्पर्धेत मुलगी 'बट फ्रेंड्स' म्हणाली आणि अडली. सभागृहाच्या दारात दप्तरं सांभाळत उभ्या असलेल्या मावशींनी पुढचं अख्खं वाक्य खणखणीत इंग्रजीत म्हटलं आणि वर, "पुढं बोल, बाळा!"

सभागृह खो खो हसलं. बाहेरून सांगितलेलं चालत नाही म्हणून परीक्षकांनी मुलीला बाद केलं. मी भडकलो. "मावशी, वाट लावलीत तुम्ही!"

"चुकलं माजं, सर," एवढंच त्या म्हणाल्या.

दुसऱ्या दिवसापासून त्या मुकाट्यानं रिबिनी बांधू लागल्या. मुलगीही गप्प झाली. वर्गात प्रश्न विचारला तरी मान खाली. बस नुसती धुक्यातून चालायची. आठवडाभरानं माझीच मला लाज वाटली. "मावशी, माझं चुकलं. बसमध्ये तरी बोला. त्या पोरीचा आवाजच गेलाय हो."

त्यांनी माझ्याकडं पाहिलं, मग तिची वेणी हातात घेतली. "पुढं बोल, बाळा."

पुढच्या वर्षी मुलीनं हट्टानं तेच भाषण घेतलं. आणि स्पर्धेत अडली तीही तिथंच! मी दाराकडं पाहिलं. मावशींनी दोन्ही हातांनी पदर तोंडात कोंबला होता. डोळे मोठ्ठे, चेहरा लालबुंद. मुलीनंही ते पाहिलं. तिला खुदकन हसू आलं आणि हसण्यासोबत ते वाक्यही आलं.

परतताना बक्षिसाचा कप मावशींच्या मांडीवर होता. त्याच्या कानाला त्यांनी रिबीन बांधली. तशी गाठ मला अजून जमलेली नाही.

पुढं गुडघे धरले म्हणून त्या पाटसला लेकीकडं गेल्या. दोन वर्षांनी तिकडंच वारल्याचं कळलं. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

बस ओढ्याच्या पुलावर आली की माझे ओठ आपोआप 'बट फ्रेंड्स' म्हणतात. पुढचं वाक्य काही केल्या आठवत नाही. मीच लिहिलेलं, तरी. मी दाराजवळच्या सीटकडं बघत थांबतो. तोवर पूल मागं पडतो.