तुतीच्या बुंध्यावरच्या अळंब्या

इस्रायलमधल्या लोदला आमच्या घरांना मागचं अंगण एकच. कोणाच्या घरचं काही लपत नाही, मग किस्से साठणारच. शेजारच्या सॅमसनकाकांच्या अळंब्यांचे तर इतके, की सांगताना हसू येतं आणि वाईटही वाटतं.

बासष्टच्या हिवाळ्यात अंगणातल्या तोडलेल्या तुतीच्या बुंध्यावर करड्या छत्र्या फुटल्या. हन्नाकाकी रेवदंड्याकडची. हरखून म्हणाली, "अळंब्या! मलिद्याच्या विधीतला नारळ उरलाय, नारळाच्या रसात करते." काका म्हणाले, "गावच्या वारुळावर यायच्या. ह्या लाकडावरच्या. वेड लागलंय काय तुला?"

मग परीक्षा. गावची समजूत अशी, की अळंबीबरोबर लसूण शिजवायची, काळी पडली तर विष. काकीने गावाहून बोटीतून आणलेली लोखंडी कढई काढली. लसूण काळी ठिक्कर. काकांनी बुंध्यावरच्या हाताला लागतील तेवढ्या अळंब्या टोपलीत भरल्या आणि लांब नेऊन पुरल्या.

काकीचं समाधान होईना. एक अळंबी रुमालात बांधून ती दवाखान्यात गेली. डॉक्टरने विचारलं, "कोणी खाल्ली?"

"कोणी नाही."

"मग पेशंट कोण?"

"मीच. खायची फार इच्छा झालीय."

त्याने तिला डोकेदुखीची गोळी दिली!

मुलाला विचारलं, तर त्याने हिब्रूतच उत्तर दिलं, की दुकानात डबे मिळतात, आई, घेऊन ये. काकीने डबा आणला, उघडला, वास घेतला आणि मांजराला घातला. मांजरानेही तोंड फिरवलं.

त्रेसष्टला छत्र्या पुन्हा आल्या. पुन्हा तीच कढई, तीच काळी लसूण. काकी म्हणाली, "अहो, कढईच काळं करते. भेंडीसुद्धा काळी होते तिच्यात."

काका म्हणाले, "कढई माझ्या आईची आहे. ती खोटं बोलायची नाही." आणि टोपली उचलली.

"बरं, पुढल्या पावसात बघू," काकी म्हणाली.

चौसष्टला पाऊस आला आणि त्याच आठवड्यात काकी झोपेतच गेली. सुतकाचे सात दिवस घरात चूल नाही, जेवण शेजाऱ्यांचं. पलीकडची रुमानियाची रोझा पातेलं घेऊन आली. काका खाली बसून जेवले. पुन्हा वाढून घेतलं. मग विचारलं, "कसलं आहे?"

रोझा मोडक्या हिब्रूत म्हणाली, "तुमच्याच बुंध्यावरच्या. तुम्ही टोपली भरून नेता ना, मागे राहतात त्या मी दरवर्षी काढते." मग तिने डोळे पुसले. "हन्ना कशा करायची हो?"

 काका म्हणाले, "नारळाच्या रसात."