मूर्तिजापूरला ठेवलेला निरोप

भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नाही. तरुणपणी तर मी जास्तच शहाणी... मॅट्रिकला विज्ञानात दोनदा नापास, पण सासूबाई मीठ-मिरची ओवाळू लागल्या की त्यांना विज्ञान शिकवायची. तेवढं पेपरात लिहिलं असतं तर पास झाले असते.

आम्ही अमरावतीचे. आमचे हे पूर्वी भाजीचा व्यापार करायचे. तेव्हा फोन कुठले? रस्ता बदलला की टपरीवर निरोप ठेवायचे - घरचं कोनी आलं तर सांगा, अमक्या गावाले वळलो. मी हसायची, "तुमी काय रजिस्टर पाकीट हाय का, जागोजागी शिक्के माराले?"

नात पल्लवी मोबाईल कंपनीत इंजिनिअर. फोनने 'मी इथं आहे' हे नेटवर्कला किती वेळा कळवावं, हे ठरवणं तिचं काम. सारखं कळवलं तर बॅटरी जाते. कळवलंच नाही, तर एका कॉलसाठी शेकडो टॉवरना हाका माराव्या लागतात. म्हणून भाग बदलला की कळवायचं. ती म्हणाली, "आजी, आबा हेच तर करायचे."

गेल्या हिवाळ्यात हे सकाळी अकोल्याला बहिणीकडे निघाले. शुगरवाले, त्यात हल्ली विसरतात. बारापर्यंत पोचले नाहीत. फोन लावला, तर आमच्याच फ्रीजवर वाजला. नेटवर्कच्या लेखी माणूस घरी!

पल्लवीने गाडी काढली, मी शेजारी बसले. बडनेऱ्याला विचारलं, तर पानटपरीवाला म्हणाला, "एक बुढेबाबा आल्ते. घरचे आले तर सांगजा म्हने, मूर्तिजापूरले गेलो."

मूर्तिजापूरच्या स्टँडवर संत्रीवाला म्हणाला, "अकराले आल्ते. दर्यापूरले वळलो म्हने. एकच चप्पल होती पायात, म्हून ध्यानात रायलं."

गाडी वळवली. दर्यापूर स्टँडच्या मागच्या बाकावर हे सापडले... मान कलंडलेली, घामाने निथळत, एका पायात चप्पल. रसवंतीवाला म्हणाला, "दहाले अमरावतीच्या गाडीतून उतरले, तवापासून इथंच हायेत. मले वाटलं झोपले." दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, आणखी अर्धा तास गेला असता तर कठीण होतं.

खिशात तिकीट - अमरावती ते दर्यापूर, वलगाववरून जाणारी सरळ गाडी. त्या रस्त्यावर ना बडनेरा, ना मूर्तिजापूर.

शुद्धीवर आल्यावर विचारलं, "निरोप कोनापाशी ठेवले होते?"

"कायचे निरोप? अकोल्याची समजून भलत्याच गाडीत बसलो. उतरताना चप्पल दारात अटकली, गाडी घेऊन गेली. मंग बाकावरून उठताच नाही आलं. काहून मजाक करून रायली?"

सारखा दिसणारा दुसरा म्हातारा असेल म्हणावं... तर तोही एकाच चपलेचा? आणि त्यालाही दर्यापूरच? पल्लवीला विचारलं, तर ती म्हणते, "आजी, मला नको विचारू."

मागच्या आठवड्यात मूर्तिजापूरला मुद्दाम उतरले. संत्रीवाल्याने ओळखलं. "पोचले का बाबा?"

"पोचले," म्हटलं.

कोणत्या रस्त्याने, ते त्याने विचारलं नाही. बरं झालं. मला तरी कुठं माहीत आहे...